आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांमधला वजनाबद्दलचा पूर्वग्रह मराठीत मोजायचा कसा?

प्रश्न: मुळाकाठ

नमस्कार. मी पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) हा विषय शिकवते. एमबीबीएस, बी.एस्सी. नर्सिंग आणि फिजिओथेरपी या तीन शाखांच्या विद्यार्थ्यांमध्ये जाड रुग्णांविषयी कोणते पूर्वग्रह आहेत आणि शिक्षणाच्या वर्षांगणिक ते वाढतात की कमी होतात, याची पाहणी करण्याचे आम्ही तिघी सहकाऱ्यांनी ठरवले आहे. नैतिकता समितीकडे प्रस्ताव पाठवण्याआधी प्रश्नावली पक्की करायला हवी, आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे.

हा विषय हाती का घेतला ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात वॉर्डात क्लिनिक चालू असताना एका हुशार मुलाने एका बाईंची केस सादर केली. बाई चाळिशीच्या होत्या आणि जिना चढताना धाप लागते अशी त्यांची तक्रार होती. त्याने पहिल्याच वाक्यात त्यांचे वजन सांगितले आणि पुढची दहा मिनिटे आहार, चालणे आणि वजन कमी करण्याचे फायदे यांवर तो अगदी मुद्देसूद बोलला. मी त्याला त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायला सांगितले. आतला भाग पांढराफटक होता. धाप रक्तक्षयाची होती. अंगावरून फार जाते, हे त्या बाईंनी त्याला सांगितलेही होते आणि त्याने ते वहीत लिहूनही घेतले होते. त्या मुलाच्या मनात कोणाविषयी तुच्छता असेल असे मला आजही वाटत नाही. तरीही वजन दिसल्याबरोबर त्याचा तपास संपला, आणि हे त्याच्या एकट्याचे नाही, हे मला इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून ठाऊक आहे.

इंग्रजीत साधने पुष्कळ आहेत. ख्रिश्चन क्रँडल यांची १९९४ ची 'अँटी-फॅट ॲटिट्यूड्स' ही १३ विधानांची प्रश्नावली अनेक अभ्यासांत भेटते. तिचे जाड माणसांविषयीची नावड, स्वतः जाड होण्याची भीती आणि 'इच्छाशक्ती नाही म्हणून जाड' ही समजूत असे तीन भाग आहेत. ॲलिसन, बेसिल आणि युकर यांनी १९९१ साली जाड व्यक्तींविषयीच्या वृत्तीसाठी २० विधानांची आणि लठ्ठपणाच्या कारणांविषयीच्या समजुतींसाठी ८ विधानांची अशा दोन मोजपट्ट्या दिल्या. 'फॅट फोबिया' मोजपट्टीच्या २००१ सालच्या छोट्या रूपात विशेषणांच्या १४ जोड्या आहेत; जाड व्यक्ती जोडीतल्या कोणत्या टोकाकडे झुकते तिथे खूण करायची असते. याखेरीज इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजे चित्रे आणि शब्द यांची जोडी लावायला किती वेळ लागतो ते मिलिसेकंदांत मोजणारी संगणकावरची चाचणी, आहेच. अमेरिकेतील ४९ वैद्यकीय महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या ४,७३२ विद्यार्थ्यांचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ७४ टक्के विद्यार्थ्यांमध्ये अप्रकट, म्हणजे नकळत असलेला, आणि ६७ टक्क्यांमध्ये उघड पूर्वग्रह आढळला होता. आपल्याकडे असे मोजायचे तर नर्सिंगच्या अनेक मुली लातूर, बीड, नंदुरबारहून मराठी माध्यमातून आलेल्या असतात, त्यामुळे प्रश्नावली मराठीतही हवी.

भाषांतराला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. 'फॅट'साठी काय लिहायचे? 'जाड' हा शब्द आमच्या घरात भांडणातही येतो आणि लाडातही. 'लठ्ठ' म्हटले की समोरच्याचा चेहरा उतरतो. 'स्थूल' कोणालाच लागत नाही, कारण तो कोणी बोलतच नाही. शिवाय 'अंगाने भरलेली', 'सुटलेली', 'खात्यापित्या घरची' हे आहेतच, आणि सुट्टीनंतर घरी गेलेल्या मुलीला आजी 'वाळलीस गं' म्हणते तेव्हा तिला जाडी हेच आरोग्य वाटत असते. विशेषणांच्या जोड्या वाचताना आमची एक इंटर्न 'खाणे आवडणारी – खाणे न आवडणारी' या जोडीपाशी थांबली आणि तिने विचारले, 'मॅडम, यात वाईट काय आहे?' मोजपट्टीच्या हिशोबात तिथे 'आवडणारी'कडे खूण केली की पूर्वग्रहाचे गुण वाढतात.

माझे प्रश्न असे आहेत. यांपैकी कोणती प्रश्नावली आपल्या मुलांसाठी योग्य ठरेल? कोणता मराठी शब्द वापरावा? आणि विद्यार्थी शिक्षकांना बरे वाटेल तेच उत्तर देतील, ही अडचण कशी सोडवावी? 'वेट स्टिग्मा'ला मराठीत काय म्हणावे, हेही कोणी सुचवले तर आभारी राहीन. आम्ही सध्या 'वजनकलंक' लिहिले आहे, पण ते मनाला पटत नाही.

उत्तर: आकडेमोड

मुळाकाठ मॅडम, मी मानसशास्त्र विभागात मानसमापन, म्हणजे वृत्ती आणि समजुती मोजण्याचे शास्त्र, शिकवतो आणि परक्या भाषेतील प्रश्नावल्या मराठीत आणण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

'कलंक' हा शब्द आपल्याकडे कुष्ठरोग, क्षय आणि एचआयव्ही यांच्या कामातून रुळला. कलंकाच्या मोजमापाची एक महत्त्वाची पद्धत घडली तीही इथे जवळच: मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरुग्णांशी बोलून तयार केलेला मुलाखतीचा आराखडा १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तो कितीतरी आजारांसाठी वापरला गेला. परंतु त्या कामाच्या केंद्रस्थानी ज्याला कलंक सोसावा लागतो तो माणूस आहे. त्याने काय लपवले, कोणी त्याला टाळले, हे तिथे विचारतात. आपल्याला सोसणाऱ्याविषयी विचारायचे नसून बघणाऱ्याविषयी विचारायचे आहे. म्हणून आपल्या पाहणीपुरते 'वजनावरून असलेला पूर्वग्रह' असे लिहावे आणि रुग्णाच्या वाट्याला जे येते त्याला 'वजनावरून होणारी हेटाळणी' म्हणावे. शब्द लांब होतात, पण काय मोजले आहे याविषयी घोटाळा राहत नाही.

प्रश्नावली कोणती, हे ठरवण्याआधी आपण कोणत्या गोष्टीच्या मागे आहोत ते स्पष्ट करायला हवे. जाड माणसे नावडणे, जाडी ही ज्याची त्याची चूक आहे असे मानणे, आपण स्वतः जाड होऊ याची धास्ती घेणे, आणि रुग्ण जाड आहे म्हणून त्याला कमी तपासणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एकच विद्यार्थी एकीत वर तर दुसरीत खाली असू शकतो. क्रँडल यांच्या १३ विधानांपैकी ७ नावडीची, ३ भीतीची आणि ३ इच्छाशक्तीची आहेत. तेराही विधानांची बेरीज करून 'एकूण पूर्वग्रह' काढणारे प्रबंध मी तपासले आहेत आणि दर वेळी मला तेच लिहावे लागले आहे: भीतीची विधाने उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल आहेत, ती रुग्णांविषयीच्या मतात मिसळली की जिला स्वतःच्या वजनाचा घोर लागला आहे अशी मुलगी कागदावर रुग्णद्वेष्टी ठरते. तिन्ही भागांचे गुण वेगळेच ठेवावेत.

ॲलिसन आणि सहकाऱ्यांच्या २० विधानांच्या मोजपट्टीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तिच्यात जाड माणसे इतरांइतकीच सुखी असतात अशा आशयाचे विधान आहे आणि त्याला नकार दिला की गुण प्रतिकूल बाजूला जातात. ज्या मुलाने आपल्या जाड बहिणीला लग्नाच्या बाजारात पाच वेळा नाकारली जाताना पाहिले आहे, तो या विधानाला नकारच देईल, आणि तो नकार त्याच्या कळवळ्यातून आलेला असेल. कारणांविषयीची ८ विधानांची पट्टी मात्र मला उपयोगी वाटते. तिच्यातील प्रत्येक उत्तराला उणे ३ ते अधिक ३ असे गुण असतात, उलट विधानांची (ज्यांना होकार दिला की विरुद्ध समजूत दिसते त्यांची) चिन्हे बदलून बेरीज करायची आणि तीत २४ मिळवायचे, म्हणजे गुण ० ते ४८ या टप्प्यात येतात. गुण जितके जास्त, तितकी 'हे माणसाच्या हाती नाही' ही समजूत पक्की. इथेच नवखे संशोधक उलटा अर्थ लावतात, म्हणून विद्यार्थ्यांकडून गुण काढून घेणार असाल तर हे वाक्य तक्त्याच्या वरच छापा.

आता शब्द. माझे मत 'जाड' या शब्दाच्या बाजूने आहे. पण माझे किंवा आपले मत इथे पुरेसे नाही. भाषांतर आणि मग उलट भाषांतर ही नेहमीची रीत तर पाळावीच, पण ती तुमच्या इंटर्नची अडचण पकडू शकत नाही, कारण 'खाणे आवडणारी' हे शब्द इंग्रजीत परत नेले तर ते अगदी बरोबर परत जातात. चूक शब्दात नसून त्याच्या किमतीत आहे. आपल्याकडे 'खवय्या' ही पदवी माणूस अभिमानाने मिरवतो. अशी जागा सापडते ती विद्यार्थ्यांपैकी आठ-दहा जणांना एकेकटे बसवून, विधान मोठ्याने वाचायला लावून आणि 'हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण आले' असे विचारूनच. प्रत्येक शाखेतून आणि निदान तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली मुले त्यांत असावीत. ही गोष्ट वेळखाऊ आहे, तरी तिच्यात काटकसर करू नये, असे मी हात जोडून सांगेन.

एक व्याकरणाची गोष्टही पाहा. इंग्रजी विधानांत नकार पुष्कळ असतो. 'जाड माणसे आळशी नसतात' या विधानाला 'असहमत' अशी खूण करताना मराठी वाचणारा दोनदा अडखळतो आणि कंटाळला की मधल्या रकान्यात खूण करून मोकळा होतो. उलट विधाने ठेवावीत, पण ती नकार न वापरता लिहावीत: 'जाड माणसे इतरांइतकीच कष्टाळू असतात.'

शिक्षकांना बरे वाटेल ते उत्तर देण्याच्या अडचणीवर सामाजिक इष्टतेची, म्हणजे चारचौघांत बरे दिसेल असेच उत्तर देण्याचा कल मोजणारी, मोजपट्टी जोडतात. क्राउन आणि मार्लो यांची १९६० ची ३३ विधानांची पट्टी सर्वांना ठाऊक आहे, तिचे छोटे अवतारही आहेत. पण वर्गात विभागप्रमुख उभे असतील, फॉर्म हजेरीपटाच्या क्रमाने गोळा होत असतील, तर कोणतीही पट्टी आपल्याला वाचवणार नाही. पाहणी बाहेरच्या व्यक्तीने घ्यावी, फॉर्मवर रोल नंबर नसावा आणि बंद पेटीत टाकायची सोय असावी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्यांची विशेष काळजी घ्यायला सांगितले आहे, आणि शिक्षकांच्या हाती अंतर्गत गुण असलेला विद्यार्थी त्यांत मोडतोच. समितीही याविषयी विचारेल.

राहिली संगणकावरची चाचणी. गटाची सरासरी काढायला ती चालेल. एका विद्यार्थ्याला तिचा निकाल हातात देऊन 'तुझ्या मनात पूर्वग्रह आहे' असे सांगण्याइतकी ती स्थिर नाही; तोच विद्यार्थी पंधरा दिवसांनी पुन्हा बसला तर आकडा बराच बदलू शकतो. शिवाय ती मराठीत करायची झाली तर जोडाक्षरांचे शब्द वाचायला लागणारा जास्तीचा वेळ आधी निस्तरावा लागेल. माझ्या मते आपल्या मूळ प्रश्नाला, म्हणजे त्या पापणीला, यांपैकी कोणतेच साधन भिडत नाही. तिला भिडते ती एकाच रुग्णाची, फक्त वजन बदलून दोन केसपेपरांवर लिहिलेली गोष्ट. हेबल आणि झू यांनी २००१ साली ह्यूस्टनच्या १२२ डॉक्टरांना अर्धशिशीच्या रुग्णाचा एकच कागद दिला आणि त्यात रुग्ण स्त्री की पुरुष हे आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३, ३० किंवा ३६ असा एवढेच बदलले. रुग्ण जाड असेल तर त्याच्यासाठी कमी वेळ देऊ, असे डॉक्टरांनी लिहिले. आपण हेच विद्यार्थ्यांबरोबर करू शकता, आणि त्यासाठी 'फॅट' शब्दाचे भाषांतर करावेच लागत नाही. कागदावर फक्त किलो असतात.

उत्तर: परिचारिका शिक्षिका, येरवडा

मॅडम, मी वॉर्डात आणि नंतर वर्गात मिळून तीस वर्षे काढली आहेत. सरांनी प्रश्नावलीविषयी सांगितले त्यात भर घालण्याइतके माझे वाचन नाही, पण मुली प्रत्यक्ष काय करतात ते मी रोज पाहते, म्हणून लिहीत आहे.

ओपीडीच्या बाहेर पॅसेजमध्ये वजनकाटा असतो. रुग्ण त्यावर उभा राहतो, एक विद्यार्थिनी आकडा पाहते आणि दुसरी चार पावलांवर टेबलाशी लिहीत असते. आकडा पोहोचवायचा म्हणून पहिली ओरडते. ५२ असेल तर ५२ असे सरळ सांगते. ११० असेल तर आवाज किंचित चढतो आणि बाकावर बसलेली सगळी माणसे मान वळवतात. काट्यावरच्या बाई पायांत चपला शोधत राहतात. मी मुलींना आकडा चिठ्ठीवर लिहून न्यायला सांगते आणि आठवडाभर तसे होते.

दुसरे बीपीचे. साधा पट्टा मोठ्या दंडाला पुरत नाही, फुगवला की त्याची चिकटपट्टी चर्रर्र करून सुटते. एकदा असे झाले तेव्हा आमच्या दोन मुली हसल्या. त्या बाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि मी मोठा पट्टा घेऊन आले तोवर त्या निघून गेल्या होत्या. लहान पट्ट्यावर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे त्या मुलींना पाठ होते, परीक्षेत दोघींनी लिहिलेही असते. मोठा पट्टा कोणत्या कपाटात आहे हे मात्र दोघींनाही माहीत नव्हते.

म्हणून माझी विनंती आहे की फॉर्मच्या जोडीला प्रत्यक्ष पाहणीचा एक तक्ता करावा: वजनाचा आकडा कसा सांगितला, पट्टा कोणता घेतला, रुग्णाला बसायला बिनहाताची खुर्ची दिली का, पडदा ओढला का. हे मोजता येते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नर्सिंगच्या मुलींना रुग्ण उचलावा, वळवावा, कुशीवर करावा लागतो. शंभर किलोच्या रुग्णाला वळवायला चौघी लागतात आणि रात्रपाळीला पूर्ण वॉर्डात दोघी असतात. माझी स्वतःची कंबर त्यातच गेली. तुमच्या फॉर्ममध्ये 'जाड रुग्णांची सेवा करणे मला त्रासदायक वाटते' असे विधान असेल तर आमच्या मुली 'पूर्ण सहमत' लिहितील आणि डॉक्टरीच्या मुलांपेक्षा त्यांच्यातच पूर्वग्रह जास्त असा निष्कर्ष निघेल. त्यांचा त्रास माणसे कमी असल्याचा आणि उचलायची साधने नसल्याचा आहे. कृपा करून हे दोन वेगळे ठेवा. तिन्ही शाखांची तुलना करणार असाल तर मुलींवर अन्याय होता कामा नये.

उत्तर: वैद्य, नारायण पेठ

मुळाकाठ, आपल्या यादीत बीएएमएसचे विद्यार्थी नाहीत. शक्य असल्यास त्यांना अवश्य घ्यावे, असे मी आयुर्वेदाचा अध्यापक म्हणून सुचवतो, कारण त्यांच्या अभ्यासक्रमात हा विषय थेट येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच अष्टौनिन्दितीय असे आहे. अतिउंच, अतिठेंगणा, अंगावर फार केस असलेला, केस नसलेला, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ जणांना तिथे 'निंदित' म्हटले आहे. त्यांतील स्थूल आणि कृश या दोघांची चिकित्सा पुढे विस्ताराने येते आणि दोघांत कृश बरा, कारण रोग आला तर स्थूलाला अधिक पीडा होते, असेही सांगितले आहे.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी 'निंदित' हा शब्द आजच्या मराठीतील 'निंदा' या अर्थाने वाचतो आणि तिथेच अडकतो. मी वर्गात त्याच अध्यायातील कारणांच्या यादीकडे त्याचे लक्ष वेधतो. जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे, नित्य हर्ष, चिंता नसणे, अशी कारणे सांगून झाल्यावर शेवटी 'बीजस्वभाव' येतो, म्हणजे आईवडिलांकडून आलेली प्रकृती. जी गोष्ट माणसाच्या हाती नाही तिचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. परीक्षेत मुले आधीची कारणे लिहितात आणि हे शेवटचे सोडतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आपली कारणांविषयीची आठ विधानांची पट्टी याच जागेवर बोट ठेवते, म्हणून ती मला योग्य वाटते.

शब्दाबद्दल एवढेच सांगतो की आमच्या शाखेत 'स्थूल' हा जिवंत शब्द आहे, रुग्णासमोरही आम्ही तो वापरतो. तेव्हा शब्दाची निवड शाखेनुसार बदलू शकते, हे सरांनी लक्षात घ्यावे.

उत्तर: सहकारनगरवासी

मी डॉक्टर नाही. माझे वजन वयाच्या पंधराव्या वर्षापासून जास्त आहे आणि मी या सगळ्या चर्चेतील काट्यावर उभी राहणारी बाई आहे, म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करते.

काही वर्षांपूर्वी माझा उजवा कान ठणकत होता म्हणून मी एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे आधी शिकाऊ डॉक्टर माहिती घेतात. त्या मुलाने अतिशय नम्रपणे मला विचारले, 'ताई, वजनासाठी काही करता का?' मी म्हणाले, कान दुखतो आहे. तो म्हणाला, 'हो, पण त्याबरोबर हेही पाहायला हवे.' पुढे मला दुसऱ्या एका तक्रारीसाठी जायचे होते, पोटाच्या, आणि मी ते आठ महिने लांबवले. घरच्यांना मी कामाचे कारण सांगितले. खरे कारण ते वाक्य होते, आणि ते वाक्य पुन्हा ऐकावे लागेल ही भीती होती. त्या मुलाला तुमचा फॉर्म दिला असता तर त्याने सगळी उत्तरे चांगली लिहिली असती, कारण तो मनाने चांगलाच होता.

तुम्ही शब्दाविषयी विचारले आहे. मला कोणी 'जाड' म्हटले तर चालते, मी स्वतःलाही तेच म्हणते. 'ओबीस' म्हटले की अंगावर काटा येतो, कारण तो शब्द डॉक्टर माझ्यासमोर एकमेकांशी बोलताना वापरतात, माझ्याशी बोलताना नाही. शक्य झाले तर फॉर्म पक्का करण्याआधी आमच्यासारख्या चार जणींनाही तो वाचायला द्यावा.

मुळाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ताई, तुमचे पत्र मी दोघी सहकाऱ्यांना वाचून दाखवले. फॉर्म तुमच्याकडे येईल, आणि तुमच्या सूचना येईपर्यंत तो समितीकडे जाणार नाही.

आम्ही काल संध्याकाळी बसून पुष्कळ बदल केले. 'वजनकलंक' हा शब्द प्रस्तावातून काढला. क्रँडल यांचे तीन भाग वेगळे ठेवतो आहोत, ८ विधानांची कारणांची पट्टी घेतो आहोत, विशेषणांच्या जोड्यांची पट्टी पूर्ण सोडतो आहोत. मूळ लेखकांची परवानगी मागायची पत्रे तयार आहेत. रुग्ण उचलण्याच्या श्रमाविषयी तीन वेगळी विधाने स्वतंत्र ठेवू आणि ती पूर्वग्रहाच्या गुणांत धरणार नाही. येरवड्याच्या मॅडमनी ही गोष्ट सांगितली नसती तर आमच्याकडून खरोखरच मुलींवर अन्याय झाला असता. पूर्वग्रह आणि ज्ञान यांचीही अशीच फारकत करावी लागणार आहे. लठ्ठपणात मधुमेहाची शक्यता वाढते, हे विधान मान्य करणारा विद्यार्थी अभ्यास केलेला आहे इतकेच सिद्ध होते.

केसपेपरांच्या बाबतीत मला एक गोष्ट सुचली आहे आणि ती सुचायला आपले पुणेच कारण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. मी हे चित्र दर वर्षी दाखवते. आपल्या सडपातळ माणसांत मधुमेह लपून बसतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना त्यामुळे पटते, पण वॉर्डात गेल्यावर ते बारीक रुग्णाला साखर तपासायला सांगत नाहीत आणि जाड रुग्णाला साखरेखेरीज दुसरे काही विचारत नाहीत. डोळ्यांनी वजन पाहून तपासाची दिशा ठरवण्याची ही एकच खोड दोन्ही रुग्णांना भोवते. म्हणून आमच्या मनात दोन केस आहेत. पहिली धाप लागणाऱ्या बाईंची, ५४ आणि ९४ किलो अशा दोन रूपांत, आणि तीत अंगावरून जाण्याची तक्रार एका ओळीत लिहिलेली. दुसरी सारखी तहान आणि थकवा असलेल्या पुरुषाची, ५८ आणि ९८ किलो. विद्यार्थ्याने पहिल्या तीन तपासण्या, रुग्णाला सांगायचे पहिले वाक्य आणि त्यासाठी लागणारा वेळ लिहायचा.

आकडेमोड सर, यात आपल्याला काही दोष दिसतो का? आणि विद्यार्थ्यांची स्वतःची उंची आणि वजन विचारावे का? विचारले नाही तर एक महत्त्वाची माहिती हातची जाते, पण वर्गातील जाड मुलामुलींना हा प्रश्न कसा वाटेल, याचा मला घोर आहे.

आकडेमोड

आराखडा चांगला आहे. तीन सूचना करतो. वजनाची ओळ पहिल्या वाक्यात टाकू नका, ती नाडी, बीपी, तापमान यांच्याच रांगेत, त्याच आकाराच्या अक्षरात असू द्या, नाहीतर पाहणी कशाची आहे हे मुलांच्या लगेच लक्षात येईल. एका विद्यार्थ्याला एकाच केसचे एकच रूप मिळावे आणि कोणाला कोणते, हे चिठ्ठी टाकून ठरवावे, बाकांच्या रांगेवरून नव्हे, कारण रांगेत मित्र शेजारी बसतात आणि कागद एकमेकांना दाखवतात. केसपेपर आधी द्यावेत आणि विधानांची पट्टी नंतर, मध्ये एखादा तासिकेचा खंड ठेवून.

उंची आणि वजन शेवटच्या पानावर, ऐच्छिक म्हणून विचारा आणि आकड्याऐवजी 'तुम्ही स्वतःला काय म्हणाल' अशी मोकळी जागाही द्या. मराठी मुले तिथे जे शब्द लिहितील ते आपल्या पुढच्या प्रश्नावलीला उपयोगी पडतील. वर्गात काटा आणून वजने घेऊ नका. ज्यांना पाहणीनंतर बोलावेसे वाटेल त्यांच्यासाठी समुपदेशकाचा क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या मागे छापा, फक्त जाड विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नका.

परिचारिका शिक्षिका, येरवडा

मॅडम, मराठी फॉर्म तयार झाला की माझ्याकडे पाठवा, दुसऱ्या वर्षाच्या दहा मुलींना मी एकेकटीला मोठ्याने वाचायला लावते आणि कुठे अडतात ते लिहून ठेवते. तक्ताही मी तयार करून पाठवते. त्यात पहिली ओळ वजनकाट्याची असेल: आकडा बोलून सांगितला की लिहून दिला.